१४,१८२ रुपये आणि माझी तीन ई-बुकं

परवा रविवारी वही काढून बसले आणि सगळ्याची बेरीज मारली तर आकडा आला १४,१८२ रुपये. एप्रिल २०२४ पासून एवढे पैसे मी माझ्या ई-बुकांच्या जाहिरातीत घातलेत. आमच्यासारख्या पगारदार घरात ही रक्कम लहान नाही. त्यातलं काय परत आलं आणि काय नाही हे नीट सांगते, कारण मी सुरू केलं तेव्हा मराठीत असे आकडे उघडून दाखवणारं मला कोणी भेटलं नाही.

आधी पुस्तकांबद्दल. मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते, विश्रामबागला राहते. रात्री जेवणं झाली की लिहायचं असं चार वर्षं करून तीन छोट्या रहस्यकथा झाल्या, एकाच मालिकेतल्या. पहिली हरिपूरच्या हळदीच्या पेवावरची, दुसरी मिरजेच्या सतार बनवणाऱ्या गल्लीतली, तिसरी आयर्विन पुलावरची. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, लहानपणी ते मला हरिपूरला पेव दाखवायला घेऊन गेलेले. जमिनीच्या पोटात एवढी खोल मडक्यासारखी जागा आणि त्यात वर्षानुवर्षं हळद राहते, आणि तोंड उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, हवा खेळू द्यायची, नाहीतर आत माणूस गुदमरतो. ते माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही, पहिलं पुस्तक तिथूनच आलं. त्यामुळं ही पुस्तकं वाचली जावीत असं मला फार मनापासून वाटतं, आणि म्हणूनच पैसे घालायला हात पुढं झाला.

पुस्तकं ॲमेझॉनच्या किंडलवर आहेत, केडीपीतून (आपलं पुस्तक आपणच तिथं चढवायची ॲमेझॉनची सोय) स्वतःच टाकलेली, किंमत प्रत्येकी ९९. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी पाहिजे असेल तर केडीपी सिलेक्टमध्ये पुस्तक घालावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडं कुठंच विकायचं नाही. आणि ७० टक्क्यांच्या पर्यायात किमतीतून आधी फाईलच्या वजनाप्रमाणं डिलिव्हरीचे पैसे कापतात, भारतात एमबीला ७ रुपये. मी पहिल्या भागात हौसेनं पेवाचे फोटो घातलेले, फाईल ४ एमबी झालेली, म्हणजे प्रत्येक प्रतीमागं २८ रुपये नुसते त्यातच. फोटो काढून टाकले, मुखपृष्ठ हलकं केलं, फाईल एक एमबीच्या आत आणली. कर वगैरे सगळं जाऊन हिशोबाला मी एका प्रतीचे ५५ रुपये धरते. हा ५५ चा आकडा जाहिरातीच्या आधी काढून ठेवायला पाहिजे होता, मी तो दोन महिन्यांनी काढला.

आणि दुसरी गोष्ट जी माझ्याकडं नशिबानं होती ती म्हणजे आधीची नोंद. दिवाणजीची पोरगी, त्यामुळं दर महिन्याला किती प्रती गेल्या ते वहीत होतं. ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४, एक पैसा जाहिरात न करता, महिन्याला साधारण पहिला भाग ५, दुसरा ३, तिसरा २. फक्त नोव्हेंबर २०२३ ला पहिला भाग ११ गेलेला. त्या ११ कडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही, ते पुढं उपयोगी पडलं.

सुरुवात एका फोननं झाली. पुस्तकांचं प्रमोशन करून देतो, १२ हजारांचं पॅकेज, बेस्टसेलरचा शिक्का मिळवून देतो म्हणे. मी विचारलं प्रती किती जातील, तर ते सांगता येत नाही पण शिक्का नक्की. तो शिक्का काय असतो ते मी स्वतः बघितलेलं, एका दिवशी आमच्या ऑफिसातल्या तिघींनी मिळून पहिला भाग घेतला तर ॲमेझॉनच्या त्या छोट्या प्रकारातल्या विक्रीच्या यादीत पुस्तक कुठल्या कुठं वर गेलं आणि दोन दिवसात परत खाली. तीन प्रतींनी जे होतं त्याला १२ हजार कशाला द्यायचे. नाही म्हणलं. पण त्यानंतर थोड्याच दिवसात एका पुस्तकप्रेमींच्या पेजला २५०० रुपये दिले, त्यांच्याकडं फॉलोअर भरपूर होते म्हणून. पोस्ट छान केलेली, खूप लाईक आले. त्या आठवड्यात गेल्या २ प्रती. पोस्ट करणाऱ्यांनी ठरल्याप्रमाणं काम केलं, माझीच समजूत चुकली की पुस्तकाच्या फोटोला लाईक करणारा माणूस पुस्तक घेणारच.

त्याच सुमाराला, २०२४ च्या मार्च-एप्रिलला, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्याची बातमी आली. मला इतका आनंद झालेला, त्या गल्लीत मी महिनाभर जाऊन बसलेले, भोपळा कसा वाळवतात कसा कापतात ते बघितलेलं. म्हणलं ही संधी. सतारीचा फोटो टाकून फेसबुकवर मालिकेबद्दल पोस्ट लिहिली आणि बूस्टचं, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं, बटण दाबलं, पाच दिवस १५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १७७०. हा जीएसटी पण लक्षात ठेवा, जीएसटी नंबर नसलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो खर्चातच धरावा लागतो. पोस्टवर १९०० च्या वर लाईक, कमेंटमध्ये अभिनंदन ताई, मिरजेचा अभिमान, कुणी आपल्या गुरुजींची आठवण लिहिलेली. वाचून भरून आलं खरंच. महिनाअखेरीला पहिला भाग ६ गेला. नेहमी ५ जातो.

माझा भाचा वालचंदला इंजिनिअरिंग करतोय, तो म्हणला, "मावशी, बूस्टला तू लाईक-कमेंटचं उद्दिष्ट ठेवलंस, मग ते लाईक करणारीच माणसं शोधून आणणार. तू जे मागितलंस ते दिलं की त्यानं." आणि हे बरोबर आहे. जाहिरात लावताना उद्दिष्ट विचारतात ना, ते नुसतं नाव नसतं, त्यावरनं कोणाला दाखवायचं ते ठरतं. लाईक मागितलं तर लाईक करणारे, क्लिक मागितलं तर क्लिक करणारे. विक्री मागायची तर विक्री झाली हे त्यांना कळायला पाहिजे, त्यासाठी पानावर पिक्सेल नावाचा छोटा कोड बसवतात, पण पुस्तकाचं पान ॲमेझॉनचं, आपलं नाही, तिथं आपला कोड बसवता येत नाही. म्हणजे कोणी घेतलं आणि कोणी नाही हे जाहिरातीला कधी समजतच नाही. आपल्याला पण समजत नाही, केडीपीच्या रिपोर्टमध्ये फक्त कुठल्या देशाच्या दुकानातून प्रत गेली तेवढं दिसतं, घेणारा पुण्याचा की पलूसचा ते नाही.

मग आम्ही फेसबुकच्या ॲड्स मॅनेजरमधून, म्हणजे जाहिराती लावायच्या पानावरनं, क्लिकची जाहिरात लावली. आवडीनिवडीत मी शास्त्रीय संगीत टाकलं, मराठी साहित्य टाकलं, भाग सगळा भारत. ३००० रुपये, जीएसटी धरून ३५४०. क्लिक आल्या १६४०, म्हणजे जीएसटी सोडून एक क्लिक दोन रुपयाच्या आत. मी रोज सकाळी उठल्या उठल्या आकडा बघायचे आणि दिवस चांगला जायचा. विक्री मात्र ७. नेहमीच्या ५ वजा केल्या तर जास्तीच्या २, एका प्रतीला १७७० रुपये खर्च आणि मिळणार ५५.

त्या दिवशी रात्री भाच्यानं क्लिक कुठनं आल्या त्याची फोड करून दाखवली. निम्म्याच्या वर क्लिक फेसबुकच्या बाहेरच्या ॲपमधनं, म्हणजे गेम वगैरे खेळताना मध्ये जाहिरात येते ना तिथनं, ती बंद करायला जाताना बोट लागलं तरी क्लिक मोजली जाते. जाहिरात कुठं कुठं दिसावी हा पर्याय आपल्या हातात असतो, मी तो उघडून बघितलाच नव्हता. उरलेल्यांत संगीतवाले पार बंगालपासूनचे. सतारीवर प्रेम असणारी माणसं ती, पण मराठी येत नाही. मग भाषा मराठी लावू म्हणलं तर दुसरी अडचण, तिथली भाषा म्हणजे माणूस फेसबुक कुठल्या भाषेत वापरतो ती, मातृभाषा नव्हे. माझ्या स्वतःच्याच फोनमध्ये सगळं इंग्रजीत आहे. म्हणजे मराठी लावलं असतं तर माझी जाहिरात माझ्यासारख्या बाईला दिसलीच नसती. शेवटी भाषेचा नाद सोडला, भाग फक्त महाराष्ट्र आणि बेंगळुरू ठेवला आणि जाहिरातीतली पहिलीच ओळ चांगली लांब मराठीत लिहिली, ज्याला वाचता येत नाही तो पुढं जाईल.

पण सगळ्यात जास्त मी शिकले ते ऑफिसातल्या चहाच्या वेळी. आमच्या कॅश काउंटरच्या मॅडम आहेत, खूप वाचतात, लायब्ररीतनं आठवड्याला दोन पुस्तकं. त्यांना जाहिरात उघडून दिली आणि म्हणलं मी काही बोलणार नाही, तुम्हाला घ्यावंसं वाटलं तर घ्या. मी शेजारी नुसती बघत बसले. त्यांनी ओळ वाचली, बटण दाबलं, पुस्तकाचं पान उघडलं, पण ते फेसबुकच्या आतल्याच खिडकीत उघडलं. त्यांच्या फोनवर ॲमेझॉनचं ॲप आहे, रोज कायतरी मागवतात, पण या आतल्या खिडकीला ते माहीत नसतं, तिथं परत लॉगिन करावं लागतं. मॅडम म्हणल्या, "ओ मॅडम, पासवर्ड मागायलंय की हे." पासवर्ड त्यांच्या मुलाला माहीत, मुलगा पुण्याला. एक मिनिट त्यांनी इकडं तिकडं बोट फिरवलं, मग म्हणल्या "घरी जाऊन बघते हं," आणि फोन खाली ठेवला. घ्यायची इच्छा असलेली, माझ्यावर माया असलेली, हाडाची वाचक बाई, तिचं हे झालं. बाकी अनोळखी माणसं किती जणं तिथनं माघारी गेली असतील. १६४० मधल्या किती जणांचा हात तिथं थांबला असेल असा विचार करत मी घरी आले, त्या रात्री झोप नाही लागली.

मग रचना बदलली. जाहिरात थेट पुस्तकाच्या पानावर न नेता माझ्या स्वतःच्या एका साध्या पानावर न्यायची, तिथं पहिलं प्रकरण पूर्ण वाचायला ठेवायचं आणि शेवटी बटण. सिलेक्टमधल्या पुस्तकाचा नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंत मजकूर बाहेर देता येतो, माझं पहिलं प्रकरण थोडं मोठं होतं म्हणून जिथं पेवाचं झाकण उघडतात आणि आत कंदील सोडतात तिथंच कापलं. आणि बटणाच्या वर ठळक दोन ओळी लिहिल्या, की वर कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबून हे पान क्रोममध्ये उघडा, तिथं तुमचं लॉगिन असेल, आणि किंडलचं मशीन नसलं तरी फोनमध्ये फुकटच्या ॲपवर वाचता येतं. हे दुसरं वाक्य किती गरजेचं आहे ते कमेंट वाचून कळलं, अर्ध्या लोकांना वाटतं किंडल घ्यायला हजारो रुपयाचं यंत्र लागतं.

ऑगस्टमध्ये ही जाहिरात वीस दिवस चालवली, रोज १५०, परत ३५४०. क्लिक महाग झाली, माणसं आली फक्त ६२० च्या आसपास. पण त्यातल्या ११८ जणांनी शेवटचं बटण दाबलं आणि पहिला भाग गेला २९. नेहमीचे ५ वजा, जास्तीचे २४. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी, यांना सांगितलं, हे म्हणले पेढे आण.

पेढे आणले पण हिशोब पूर्ण झाला नव्हता. ३५४० भागिले २४ म्हणजे प्रतीला शंभर वर साडेसत्तेचाळीस. ५५ मिळवायला १४७ घालवले. फक्त एकच पुस्तक असतं तर विषय तिथंच मिटला. पण मालिका आहे, पहिला भाग वाचलेला माणूस पुढचे घेतो का हे बघायला दोन महिने थांबले. दुसरा भाग नेहमीपेक्षा १० जास्त गेला, तिसरा ७. म्हणजे ४१ प्रतींचे २२५५, आणि किंडल अनलिमिटेडवर, म्हणजे वर्गणी भरून, जे वाचतात त्यांचे पानामागं पैशात मिळतात, दर महिन्याला दर बदलतो, ते जास्तीचे साधारण ३१०. एकूण २५६५. तूट ९७५. हे पानांचे पैसे उशिरा दिसतात बरं का, माणूस आज पुस्तक घेतो आणि वाचतो पंधरा दिवसांनी, म्हणून जाहिरात बंद झाली त्याच दिवशी निकाल लावला तर तो चुकीचा लागतो. आणि जाहिरातीचे पैसे आज जातात, रॉयल्टी महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी खात्यावर येते, तेवढे दिवस रक्कम खिशातनं घालायची तयारी पाहिजे.

सांगलीतल्या लोकांबद्दल एक सांगायचं राहिलं. नुसत्या सांगली-मिरजेला आठवडाभर लावलेली जाहिरात, ते दिवस याच वीस दिवसांतले. पेव म्हणल्यावर इथं प्रत्येकाला कायतरी आठवतं, आमच्या आज्जाचं पेव होतं, २००५ च्या पुरात गेलं, अशा कमेंट. आणि त्याखाली, छापील मिळेल का. जवळजवळ प्रत्येकजण छापील विचारत होता. ई-बुकाची विक्री त्या आठवड्यात हललीच नाही. जी काय हलली ती जाहिरात पुणे, ठाणे, बेंगळुरूला लावल्यावर. छापील काढायचं वेगळं गणित आहे, ते मनात आहे.

दिवाळीत माझी मोठी चूक होता होता राहिली. दिवाळी अंकांचे दिवस, लोक वाचायच्या मूडमध्ये, म्हणून ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर २०२४ मध्ये १७७० घातले. पहिला भाग गेला १६. पाच वजा करून मी ११ लिहिले, जमेल असं वाटायला लागलं, पुढच्या महिन्याला दुप्पट पैसे घालायचं ठरवलं पण होतं. मग मागची पानं चाळताना नोव्हेंबर २०२३ चा तो ११ दिसला. काही न करता दिवाळीत ११ जातात. म्हणजे जाहिरातीमुळं ५ च. प्रतीला ३५४ रुपये.

जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक करून बघितलं. सिलेक्टमध्ये ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं. पहिला भाग तीन दिवस फुकट ठेवला आणि त्याचीच जाहिरात केली, ९०० अधिक जीएसटी, १०६२. फुकट म्हणल्यावर ४१० जणांनी उतरवून घेतलं. आणि पुढच्या महिन्यात दुसरा भाग १७, तिसरा ११. नेहमीचे ३ आणि २ वजा केले तर २३ जास्तीच्या प्रती, १२६५ रुपये. खर्च जाऊन २०३ रुपये शिल्लक. नऊ महिन्यांत पहिल्यांदा जमेची बाजू मोठी दिसली, मी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

पण रेघा मारल्यावर पण मनात एक होतं, की पुस्तक फुकट ठेवलं तर जाहिरात नसती केली तरी कोणी ना कोणी घेतलंच असतं. मग ते किती, हे कसं कळणार. कळायला एकच रस्ता, तसंच करून बघायचं. पुढच्या ९० दिवसांत एप्रिलला परत तीन दिवस फुकट, या वेळी एक रुपया जाहिरात नाही. १६० जणांनी घेतलं. दुसरा भाग ५ जास्त, तिसरा ३ जास्त. म्हणजे २३ मधल्या ८ प्रती फुकट ठेवल्यामुळंच गेल्या होत्या, जाहिरातीच्या नावावर राहतात १५. त्याचे ८२५ रुपये, खर्च १०६२, तूट २३७. त्या दोन रेघा मी खोडल्या. वाईट वाटलं, पण आता तो आकडा खरा आहे एवढं नक्की. महिने दोन्ही वेगळे, जानेवारी आणि एप्रिल, परीक्षांचा फरक असेल, आकडे पण लहान आहेत, दोन-चार प्रती इकडच्या तिकडं झाल्या तर चित्र बदलतं, म्हणून हे अजून एकदा करून बघणार आहे.

आत्ता चौथा भाग लिहून होत आलाय, म्हैसाळच्या पाणी योजनेच्या पंपहाऊसवरचा. तो आला की हिशोब थोडा बदलतो, कारण पहिल्या भागातनं आत आलेला वाचक आता एक पुस्तक जास्त घेऊ शकतो. त्या १५ प्रतींत तिसऱ्या भागापर्यंत पोचलेले ६ होते, त्यातले ५ जण चौथा घेतील असं धरलं तर २७५ रुपये, २३७ ची तूट भरून ३८ उरतात. तेव्हा चौथा भाग चढवला की त्याच आठवड्यात पहिला परत तीन दिवस फुकट, आणि जाहिरात तीच, तेच चित्र, तीच ओळ, जीएसटी सोडून ९०० च्या वर एक रुपया नाही. कॅशच्या मॅडम तिसऱ्या भागाच्या मध्यावर आहेत, मुलाकडनं पासवर्ड घेऊन त्यांनी तो पाकिटात लिहून ठेवलाय. वहीत पुढच्या पानावर रकाने आखून ठेवलेत, नेहमीच्या प्रती, फुकटमुळं गेलेल्या, जाहिरातीमुळं गेलेल्या, असे तीन वेगळे.